वाकडा काठ

अण्णा, पडेगावच्या घरातलं चाक अजून फिरतंय आणि त्यावर मी बसते. पोरींनी चाकाला हात लावू नये म्हणणारे आपले भाऊबंद आता स्वतःहून गिऱ्हाइकांना माझा नंबर देतात. कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येतेच म्हणतात. मी तर लेक, तरी मला या कबुलीवर यायला बारा वर्षं लागली. तुम्हाला जाऊन तेवढीच झाली. त्या वाकड्या काठाच्या वाडग्यांबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केलं नाही.

मी आठवीत होते तेव्हा तुम्ही बाजूला काढून ठेवलेला एक माठ मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवालीला विकला होता. तिनं टिचकी मारून पाहिली, आवाज खणखणीत होता, काठ मात्र एका अंगाला कललेला. मी मोठ्या फुशारकीनं घरी येऊन सांगितलं. तुम्ही फळीवरचा चांगला माठ उचललात, मला दंडाला धरून टपरीवर नेलंत, माठ बदलून दिलात आणि वाकडा तिथंच दगडावर आपटलात. ती बाई म्हणत होती, "राहू द्या की दादा, पानी तर गार व्हतंय." तुम्ही म्हणालात, "व्हतंय, पन लोकं मडक्याला नाय नाव ठेवत, हाताला ठेवतेत." चार माणसांत मला रडू आलं. कितीतरी दिवस मला तुमचा राग होता.

मग तो उन्हाळा. माझं कॉलेज संपलं होतं आणि मी शहरातल्या प्रदर्शनांत आपली भांडी मांडायला लागले होते. तुमचा उजवा हात कापायला लागला. तुम्ही तो मांडीखाली दाबून बसायचात, चहा बशीत ओतणं सोडून दिलंत, आणि आम्ही पाहिलं की खोकल्याचं सोंग करायचात. चाकावर काठ ओढताना बोट दचकायचं आणि त्या जागी काठ खाली बसायचा. तसले वाडगे तुम्ही परत मातीत भिजायला टाकायचात. एका प्रदर्शनाला माल कमी पडला म्हणून मी त्यातले सात-आठ वाचवले आणि गुपचूप आव्यात भाजून घेतले. तिथं शहरात दुकान असलेल्या एक बाई आल्या. त्यांनी बाकी कशाकडं पाहिलं नाही, वाडग्याच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे मशीनला जमेल का? माणूस दिसतो यात. मला दुकानासाठी असेच हवेत, अगदी असेच." मी उड्या मारतच घरी आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मानूस दिसतो म्हनली? कसला मानूस, ते नाय इचारलं?" आई हसली, मीही हसले. तुम्ही खाली मान घालून माती मळत राहिलात.

त्यानंतर तुम्ही दोनदा म्हणालात, "मला एकदा मोठ्या दवाखान्यात ने. हात माझं ऐकंना झालाय." मी दोन्ही वेळा म्हटलं, एवढी ऑर्डर जाऊ द्या अण्णा, मग जाऊ. मला कळत नव्हतं असं नाही. मला कळत होतं. दवाखान्यात नेलं आणि हात बरा झाला तर त्या बाईंना काय देऊ, हा विचार माझ्या मनात आला होता. आला आणि गेला, असंही नाही. तो राहिला.

आणि ती सकाळ. तुम्ही मला अंगणातून हाक मारता. चाकापाशी फळीवर वीस-बावीस वाडगे ओळीनं ठेवलेत, सगळे गोल, सगळ्यांचे काठ पाण्यासारखे सपाट. तुमचा हात आज कापत नाही. का कापत नाही ते तुम्हालाही ठाऊक नाही. तुम्ही आईला बोलावता, तो हात तिच्यापुढं धरता, "बघ, हाय का काय?" म्हणता, लहान पोरासारखे हसता. मी फळीकडं बघते आणि म्हणते, "अण्णा, हे नाही चालायचे. त्यांना ते तसलेच पाहिजेत." तुम्ही माझ्याकडं बघत राहता. मला वाटतं आता ओरडाल. मी ओरडायची वाट बघते. तुम्ही फळी जवळ ओढता आणि एकेका वाडग्याचा काठ बोटानं दाबायला लागता. दाबायचा, फिरवायचा, पुढचा घ्यायचा. बावीसच्या बावीस. आई आत निघून गेली. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "घे. झाला मानूस तयार."

दवाखान्यात गेलो तेव्हा पाऊसकाळ सरला होता आणि तुमचा पायही ओढायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. बरा होत नाही, पण गोळ्या आधी सुरू झाल्या असत्या तर हात आणखी काही वर्षं कामाला आला असता. इतके दिवस काय करत होता, असं त्यांनी विचारलं. तुम्हीच म्हणालात, "कामाचा घोर व्हता साहेब, माझंच ध्यान नाय राहिलं." पुढं दोन वर्षं तुम्ही चाकावर बसला नाहीत. त्या दोन वर्षांत मला एका शब्दानंही बोलला नाहीत, याचा मला त्या आपटलेल्या माठापेक्षा जास्त त्रास होतो.

माझा हात तुमच्यासारखाच आहे, पूर्वीच्या तुमच्यासारखा. काठ सरळ येतो. मग मी तो दाबते. त्या बाईंच्या दुकानात वाडग्याखाली छोटं कार्ड ठेवतात, "कारागिराच्या हाताची खूण". ते वाक्य मीच लिहून दिलंय. लोक वाडगा हातात घेतात, मान डोलावतात, एकमेकांना दाखवतात. त्यांचं खोटं नाही अण्णा, त्यांना खरंच आवडतो. मी समोर उभी राहून बघते आणि मालाचा पुढचा खोका उघडायला घेते.

आईला डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही. हात कापायला लागल्यावर तुम्ही केलेला एकच वाडगा घरात उरला होता, ती त्यात ताक प्यायची. मागच्या आठवड्यात तो धुऊन मी फळीवर पालथा घातला, माझ्या भाजलेल्या वाडग्यांच्या शेजारी. दुकानाचा माल बांधताना तो त्यात गेला असावा. राहिलेले सगळे मी एकेक करून हातात घेतले, काठ चाचपले. तुमचा त्यात आहे की नाही, मला सांगता येईना. दुपारी आईनं तिचा वाडगा मागितला. मी त्यातलाच एक दिला. तिनं दोन्ही हातांत धरला, अंगठा काठावरून एकदा फिरवला आणि विचारलं, "ह्योच का गं त्यांचा?"

हे पत्र वाचून दाखवायचं तर आता तिलाच दाखवावं लागेल, म्हणून घडी घालून ठेवते आहे. मी तिला "व्हय" म्हणाले.