पहिल्या नंबरची वाईट जमीन

तीर्थरूप अक्का,

आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे हल्ली बेमुदत रजेवर असल्याने उरलेल्यांनी जमेल तेवढा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाचा वेळेवर घरी येतो का, आणि आला तर बोलतो का? इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, पण खोकल्याच्या निमित्ताने मला हाका मारायची सवय तेवढी मागे राहिली. (आत्ताही मारते आहे. मला ऐकू येत नाही, असं समज.)

पत्रास कारण, आपली जुनी शाळा पुन्हा उघडली. शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून चौथीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे, म्हणजे मी नुसत्या कुलपाचा मुख्याध्यापक. आता दर मंगळवारी संध्याकाळी तिथे शेतीचा वर्ग भरतो. शेतीखात्याची एक मुलगी स्कूटरवरून येते. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक, म्हणून गावाने तिला शेतीबाई करून टाकलं. बी कसं निवडावं, कीड कशी ओळखावी, पाणी किती द्यावं, हे ती शिकवते. मी खिडकीजवळच्या माझ्या जुन्या बाकावर बसतो. बाक आता मला लहान होतो, पण खिडकीतून येणारं तिरपं ऊन तेच आहे, आणि त्या उन्हात मला कवितेशिवाय कधीच काही सुचलेलं नाही. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, मातीत काय काय असतं? मी उभा राहून शाळेत शिकलेलं सगळं सांगितलं: माती आई असते, सोनं असते, तिच्यात पूर्वजांचे श्वास असतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फळ्यावर ‘नत्र’ असं लिहिलं.

पण पोरगी हुशार आहे हो. शिंपीणबाईंचा शेंगांचा वेल पिवळा पडत चालला होता, त्याला त्या मायेने दिवसातून तीनदा पाणी घालत. शेतीबाई म्हणाली, “काकू, तो आजारी नाही, तुम्ही त्याला बुडवताय.” आता शेंगा इतक्या आल्यात की आमच्याकडेही वाटा येतो, आणि तुझी भावजय म्हणते, तुमच्या कवितेने आजवर घरात एक शेंग आणली नाही.

मग एके दिवशी तिने सांगितलं, पुढच्या खेपेला प्रत्येकाने आपल्या शेतातली ओंजळभर माती आणा, तपासून देते. झालं. तपासणी म्हटल्यावर गावाने ती परीक्षाच धरली. नापास व्हायला स्वतःची माती कोण नेतो? गावात सगळ्यांत चांगली माती रस्त्याकडेच्या माळ्याची, रोपांच्या वाफ्यातली. एकेक जण ‘सहज पाय मोकळे करायला’ तिकडून जाऊन आला. गिरणीवाल्याने तर ती पिठाच्या चाळणीने चाळून, डब्यात भरून, वर फडकं बांधून आणली. (त्या चाळणीने पुढे कुणाचं पीठ चाळलं ते विचारू नकोस. आमचंच.)

अहवाल आले. सगळ्या गावाची माती एकसारखी आणि अत्युत्तम. शेतीबाईने कागद वरखाली करून पाहिले आणि विचारलं, “तुम्हा सगळ्यांचं मिळून एकच शेत आहे का हो?” गृहपाठ विसरल्यासारखे सगळे आपापल्या पिशव्या चाचपू लागले. तेवढ्यात दारात माळी. तो शिकायला नव्हे, फिर्याद घेऊन आला होता. “बाई, माझा वाफा खाली गेलाय. रोपांची मुळं उघडी पडली. आता चोरांनी मातीसुद्धा न्यायला लागायचं म्हणजे काय?” सगळी मंडळी एकदम छताची कौलं मोजू लागली.

वेगळा अहवाल माझ्या एकट्याचा. (मला कुठलं शेत? मी भावनेच्या भरात शाळेच्या खिडकीखालची माती नेली होती.) तीत चुनखडी एवढी निघाली की इथे पूर्वी चुन्याची भट्टी होती का, असं तिने विचारलं. अक्का, तिथे आपण फळा पुसायचं डस्टर झटकायचो. आपले सगळे पाढे, सगळ्या चुका, सगळ्या कविता त्या जमिनीत मुरल्यात. मला भरून आलं. शेतीबाई म्हणाली, “आजोबा, तिथे काही लावू नका.”

हसणं ओसरल्यावर मात्र ती गंभीर झाली. वरच्या साहेबांचं म्हणणं, या वर्गाने काहीतरी करून दाखवावं, नाहीतर महिनाअखेरीस तो शेजारच्या गावी हलवावा. करायचं एवढंच, की कुणाचीतरी खरोखरची वाईट जमीन घ्यायची, सगळ्यांनी मिळून ती सुधारायची, आणि आधी ती कशी होती हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्याकडेला तशी पाटी लावायची. कुणाची घेऊ?

एरवी पीक बुडालं की जमिनीच्या नावाने खडे फोडणारी ही माणसं, पण पाटीचं नाव निघताच एकेकाची जमीन सुधारली. गिरणीवाला म्हणाला, “माझी वाईट नाही, जरा रुसलीय.” शिंपी म्हणाला, “उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी पाटी वाचेल ना, भाऊ.” शेतीबाई मुकाट्याने आपल्या बाटल्या पिशवीत भरू लागली. टेबलावर कुलूप पडलेलं होतं. ते आता पुन्हा मीच लावायचं आणि मंगळवारी संध्याकाळी घरी बसून हाका ऐकायच्या, या विचारासरशी मी गुडघ्यांना न विचारता उभा राहिलो.

जमीन मिळाली, अक्का. एका थोर मनाच्या बाईंची आहे. त्या परगावी असतात, त्यामुळे त्यांचा थोरपणा त्यांच्या वतीने दुसऱ्याला दाखवावा लागला. आता मंगळवारी सगळे आधी तिथे खणतात आणि मग वर्गात बसतात. मी बांधावरून कविता म्हणतो आणि कुणी नको म्हणत नाही, कारण ऐकायच्या निमित्ताने फावडी थांबवता येतात. हिरवळीचं पीक पेरलंय, ते फुलावर आलं की जमिनीतच गाडायचं. मला वाईट वाटलं, तर बाई म्हणाली, हे मातीचं जेवण आहे, आपलं नव्हे. काल सकाळी पाहिलं तर कोंब वर आलेत. विरळ आहेत, पण आहेत.

कंबरेला जप. मोठ्यांना सांगणं शोभत नाही, म्हणून लेखी सांगतो.

तुझा,
कान पिळायला आता लांब पडलेला
धाकटा भाऊ

ता. क. ती थोर मनाची बाई तू. शाळेमागची, बाबांनी तुझ्या नावावर केलेली पट्टी. ‘तिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं’ हे वाक्य तुझंच, मी ते वर्गात तुझा आदरपूर्वक उल्लेख करून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. पाटी मी स्वतः वळणदार अक्षरात रंगवली: ‘या गावातली सर्वांत वाईट जमीन.’ आरंभी ‘सध्या’ घालण्याची परवानगी मिळवली आहे.

ता. क. दुसरा. एक घोळ झाला आहे. सगळ्यांनी आता आपापली खरी माती दिली आणि गिरणीवाल्याची तुझ्याहून वाईट निघाली. आधी त्याने अहवाल लपवला. पण बी फुकट आणि खणायला अख्खा गाव, हे ध्यानात आल्यापासून तोच अहवाल खिशात घालून फिरतो आणि दळण आणणाऱ्याला थांबवून दाखवतो. म्हणतो, पाटीचा मान माझा. त्याची जमीन गावाच्या दुसऱ्या टोकाला, गिरणीला लागून, म्हणजे वर्गही त्याच्या गिरणीत भरणार. तिथल्या खडखडाटात ना नत्र ऐकू येणार, ना कविता, आणि चौथीला पुन्हा कुलूप. शेतीबाई म्हणते, ज्या मालकाची लेखी संमती आधी येईल त्याची जमीन. गिरणीवाला अजून अहवाल दाखवण्यातच गुंतलाय, तेव्हा आपली जमीन अत्यंत वाईट आहे असं तुझ्या हाताने लगेच लिहून पाठव. थोडं वाढवून लिहिलंस तरी चालेल.

ता. क. तिसरा. तुझी भावजय विचारत होती, खणायच्या आधी अक्कांना विचारलंत ना? मी हो म्हणून बसलो आहे. म्हणून त्या कागदावर तारीख गेल्या महिन्यातली घाल. ते मनाला पटत नसेल तर सरळ पुढच्या मंगळवारी स्वतःच ये आणि वर्गात सगळ्यांसमोर सांग. तोंडी बोलण्यावर तारीख नसते.