शब्द नसलेलं पान

३ फेब्रुवारी
शब्दच नसलेलं पान मोठ्यानं कसं वाचायचं? आज वाचनालयाच्या ज्येष्ठ वाचक मंडळात हेडबाईंनी विचारलं. मंडळाची रीत अशी की एकानं वाचायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. आणि मी नेलं ग्राफिक नॉव्हेल, चित्रांतली कादंबरी! हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या जन्मापासूनच्या प्रमुख. पुस्तक दोन बोटांत धरून म्हणाल्या, कुणाच्या नातवाचं राहिलंय वाटतं. सगळे खो खो हसले. वर म्हणे, पदवी मिळाली म्हणजे वाचता येतंच असं नाही गं बाळ.
बाळ! आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे मी. महिनाअखेरीला प्रमुखाची निवड आहे. वाचनालयाची कर्मचारी म्हणून मीही सभासद आहे. उभी राहणार. पाणी पाजणार.

४ फेब्रुवारी
वाचनालयाच्या काउंटरवर मीच असते, हे बाई विसरल्या. त्यांनी राखून ठेवायला सांगितलेली रहस्यकथा मंडळातल्याच डॉक्टरकाकांना देऊन टाकली. सूड नव्हे. वाचनप्रसार.

९ फेब्रुवारी
आई म्हणाली, म्हातारीशी कसलं वैर धरतेस, जेवून घे. तिला तत्त्व कळत नाही. जेवले.

११ फेब्रुवारी
बेत ठरला. पान बेचाळीस हेडबाईंनाच वाचायला द्यायचं. नऊ चौकटी, अक्षर एक नाही. एक बाई, एक बॅग, एक कपाट. त्या त-त-प-प करणार. मग मी भाषणाला उठणार: ‘घर सोडून निघालेली स्त्री’. पुस्तक तीनदा वाचून झालंय. शब्द नसलेली पानं भरभर उलटतात, हा या प्रकाराचा मोठाच फायदा.
बाबांनी शिलाई मशीन थांबवून भाषण ऐकलं. म्हणाले, छान, पण ती जाते कुठे? म्हटलं, स्वातंत्र्याकडे. त्यांनी मशीन परत सुरू केलं.

१७ फेब्रुवारी
दिलं पान. हेडबाईंनी चष्मा पुसला. एकेका चौकटीवरून बोट फिरवू लागल्या. मी मनात टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, मिटा डोळे. एक बाई बॅगेपुढे बसली आहे. डॉक्टरकाकांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, भरतेय की रिकामी करतेय? मी ताडकन उठले. भरतेय! भाषण सुरू.
थांब बाळ, हेडबाई म्हणाल्या. पहिल्या चौकटीत कपाट रिकामं आहे, शेवटच्या चौकटीत भरलेलं. ही निघाली नाही गं. परत आलीय.
डॉक्टरकाका म्हणाले, आमची लेक अश्शीच बसली होती. मग कुणीच डोळे मिटेना. पुस्तक हातोहात फिरलं. माझ्याकडे आलंच नाही.
चित्रकाराने नीट लिहायला नको का?

२८ फेब्रुवारी
निवड झाली. हेडबाई. विरोधात एक हात, माझा. शिवाय ठराव: मंडळाला ग्राफिक नॉव्हेलची गोडी लावल्याबद्दल आभार. त्यांचे! जाताना म्हणतात, अशीच आणखी मागव गं बाळ.
पण पुढचं पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आहे. चित्रांच्या नादाने वाचन बुडतं, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. निवडलं. आठशे पानं, बारीक टाइप, मुखपृष्ठावरसुद्धा चित्र नाही. नोटीस लावूनच घरी आले.