अळणी चातुर्मास

बुलढाणा,
शुक्रवार दुपार

प्रिय ताई,

जयमाला आज स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. ही जयमाला कोण, ते पुढे सांगते. तुला फोनच करणार होते, पण फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' यापुढे जात नाही. त्या चातुर्मासाचा विषय निघाला की तुझं दूध उतू जायला लागतं आणि फोन भाऊजींच्या हातात जातो. पत्र तरी तू शेवटपर्यंत वाचशील, म्हणून लिहायला बसले.

माझ्या मोठ्या आजारपणात तू साखरखेर्ड्याहून चार साड्या पिशवीत घालून आलीस आणि राहिलीस. मी तेव्हा झोपत नव्हते, अखंड बोलत होते, कपाटातल्या साड्या गल्लीत वाटत सुटले होते. डॉक्टर अर्पितांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू माझी झोप परत आली, बोलण्याला थांबा आला. तुला मात्र गोळ्यांवर एकट्या भरवसा ठेवायचा नव्हता. नीरू पहिल्यासारखी होऊ दे, आम्ही दोघी बहिणी चातुर्मासभर अळणी जेवू, असं तू देवीला बोलून मोकळी झालीस. दोघी! मी म्हटलं, "नवस तू बोललीस, मग माझी जीभ कशाला गहाण टाकलीस?" तू म्हणालीस, "गप बस. मी नाही का खात तुझ्यासोबत?" आणि खरंच खात होतीस. मी त्या वरणाला हळदीचा काढा म्हणायचे, तू वाटीभर आणखी वाढायचीस. ताई, आजारपणातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच आहेत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग पोळा आला. दारात आलेल्या बैलजोडीला ओवाळताना माझ्या हातातलं ताट थडथडायला लागलं, कुंकू सांडलं. संध्याकाळपर्यंत उलट्या, जिभेवर शब्द वळेना, पाय कुठेच्या कुठे पडायला लागले. शेजारणी म्हणाल्या, आजार उलटला. तू कुणाचं न ऐकता मला रिक्षात घातलंस. दवाखान्यात रक्त तपासलं तर लिथियम विषासारखं वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल केला का? मी अर्धवट शुद्धीत होते, तरी तुझा आवाज ऐकला. तू म्हणालीस, "मीठ सोडलंय." मग त्यांनी समजावलं, की अंगात मीठ कमी पडलं की शरीर लिथियमलाच मिठासारखं धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. गोळी नेहमीचीच असते, पण ती आत साठत जाते. तू गोळी घेत नव्हतीस, म्हणून तुला काहीच झालं नाही. त्यावर आपण दोघी आजवर एक अक्षर बोललो नाही.

पुढचं तुला माहीत नाही. मी बरी झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, उपवास करता का? तुम्ही नाही म्हणालात." आणि मी खरं तेच सांगितलं होतं गं. दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या बाईला उपवास कोण म्हणतं? एखादीने लगेच म्हटलं असतं, पेशंट नीट माहिती देत नाहीत. या मात्र म्हणाल्या, "मग माझा प्रश्नच चुकला. काय विचारायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा." आजारी पडल्यापासून मला लोकांनी खूप काही सांगितलं होतं. मला विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

तेव्हापासून दर मंगळवारी पतसंस्थेतून अर्धी रजा काढून मी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसते. आधी आम्ही पेशंटना सरळ विचारलं, मीठ खाता ना? सगळे हो म्हणायचे. डॉक्टरसमोर नाही कोण म्हणेल? मग एकदा रांगेतल्या बायकांशी गप्पा मारताना माझ्या लक्षात आलं, की नवस बोलणारं माणूस वेगळं आणि पाळणारं वेगळं. प्रश्न सोबत आलेल्या माणसाला करायला हवा, आणि तोही मिठाचा नको. हिच्यासाठी देवाला काही बोललात का? काय सोडलंय? एवढं विचारलं की मन उघडं होतं. गोळ्यांच्या खिडकीवरचे शालिग्रामभाऊ मला चिडवायचे, "मॅडम, आता खिडकीत प्रसादही ठेवू का?" मी म्हटलं, "ठेवा, पण मीठ घालून." हल्ली गोळी देण्याआधी ते स्वतःच विचारतात, आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

गेल्या आठवड्यात अमडापूरच्या तानुबाई नातीला घेऊन आल्या. तीच जयमाला, कॉलेजात शिकते. गोळ्या संपल्या म्हणून आल्या होत्या, तक्रार काही नव्हती. मी आजींना माझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "बोलली ना मी देवीले! पोरीचं डोकं ठिकाणावर येऊ दे, मीठ सोडते तिचं." मी म्हटलं, "तिचं काऊन आजी? तुमचं काऊन नाही?" तर म्हणतात, "मले बीपी हाय ना बाई. डाक्तरनं माह्यं मीठ कमीच करून ठेवलं. सोडाले उरलंच काय?" ताई, हसू आवरेना आणि अंगावर काटाही आला, कारण जयमालाच्या हातातली पाण्याची बाटली बारीक थरथरत होती. पोरगी लाजून म्हणाली, थकवा आहे. त्याच तासाला तिचं रक्त तपासलं. लिथियम चढायला लागलं होतं, पण पायांत तोल होता, बोलणं स्पष्ट होतं. त्या पोळ्याला मी दवाखान्यात पोचले तेव्हा माझ्यात यातलं काही उरलं नव्हतं. तिची गोळी थांबवली, सलाईन लावलं, रोज रक्त बघितलं. काल डॉक्टरांनी हिशेबाने गोळी पुन्हा सुरू केली आणि आज सोडलं.

तानुबाई मात्र अडून बसल्या होत्या. "आता देवीले काय सांगू मी?" मी म्हटलं, मिठाच्या जागी तुम्ही स्वतःचा चहा सोडा. आजींचा चेहरा बघायला हवा होतास. "चहा? बापा! देवी एवढं थोडीच मांगते?" जयमाला खाटेवरून ओरडली, "माह्यं मीठ मांगते अन् तुहा चहा काऊन नाही मांगत?" वॉर्डातल्या सगळ्या बाया हसायला लागल्या. शेवटी आजी म्हणाल्या, "हाव, सोडते. पण सक्काळचा एक राहू दे." देवीच्या वतीने मीच परवानगी देऊन टाकली.

सोमवारी जिल्ह्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर-नर्सची बैठक होती. डॉक्टर अर्पितांनी मला उभं केलं. मी म्हटलं, माझं नाव नीरजा, मला बायपोलर आजार आहे, मी लिथियम घेते आणि मिठावाचून मरता मरता वाचले. मग मी आपल्या अळणी वरणापासून जयमालापर्यंत सगळं सांगितलं. मागून एक डॉक्टर म्हणाले, देवधर्माचं विचारलं तर लोक दुखावतील. मी म्हटलं, दुखावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. आपल्या माणसासाठी त्यांनी काय केलं, हे त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं. आणि ठरलं, ताई! यापुढे प्रत्येक तालुक्याच्या शिबिरात लिथियम हातात देण्याआधी सोबतच्या माणसाला हा प्रश्न करायचाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या बाईला गल्ली वेडी म्हणत होती, तिच्यासाठी. बाहेर येऊन शालिग्रामभाऊंनी मला गरम कचोरी खाऊ घातली.

हे सगळं सांगायला एवढं मोठं पत्र लागलं नसतं. पण काल भाऊजींचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं, की तू अजूनही अळणीच जेवतेस. तो चातुर्मास सरला, त्यानंतरचे सरले, तरी तू स्वतःची भाजी आधी बाजूला काढतेस आणि मग बाकीच्यांच्या भाजीत मीठ टाकतेस. बुलढाण्याला आलीस की जेवूनच येतेस आणि माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीस, ते का, हे मला आता कळलं. मी रडले, मग तुझा खूप राग आला. ताई, नवस मी बरी होण्याचा होता ना? मी बरी आहे. आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू घाबरून गप्प राहिली असतीस, तर मी आज नसते. तू लपवलं नाहीस. तुझ्या त्या दोन शब्दांवर मी वाचले, आणि आता जयमालाही. बैठकीतल्या त्या टाळ्या तुझ्या होत्या, त्या तुला पोचवायला मी रविवारी साखरखेर्ड्याला येते आहे. स्वयंपाक तूच करायचा. वरणात मीठ तूच घालायचंस, न मोजता, हाताच्या अंदाजाने, आणि पहिला घास माझ्या डोळ्यांसमोर तू खायचास. मी तुझ्या हातचं निर्धास्त जेवेन.

तुझीच,
नीरू