कुंकू लागलेले डॉलर

३ फेब्रु., मंगळवार. केळझर
दादा-वहिनीसंगं गणपतीले गेलतो. परवा व्हिएतनाम. बँकेतून आणलेले डॉलर देवासमोर ठेवले. गाडी असो का फ्रीज, आपल्या घरी पूजेशिवाय काही वापरत नाई. मी कुंकवाच्या वाटीकडे हात नेला तं वहिनी म्हणे, "राहू द्या ताई, मी लावते." ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, मी अजून शिकली नाई. दादा देवाकडे पाहत राह्यला.
वहिनीनं एकेका नोटेवर ठळक बोट ओढलं. माह्या पेन्शनचे पैसे. कोणासमोर हात पसरायले नको म्हणून काढलेले.

६ फेब्रु. हनोई
पैसे बदलायच्या काउंटरवरच्या पोरीनं नोट उजेडात धरली, परत सरकवली. दुसरी, तिसरी, तसंच. टूर मॅनेजर नागपूरचा. म्हणे, "मावशी, डागाची नोट इथं घेत नाईत. कुंकू काऊन लावलं?" मी वहिनीकडे पाह्यलं. ती बॅगेची चेन लावून राह्यली होती.
त्या दोघांचे पैसे कार्डात. कार्डावर नुसत्या अक्षता होत्या, झटकल्या की झालं. माह्यं एटीएम कार्ड परदेशासाठी चालूच नाई केलेलं. आता करायले ओटीपी पाह्यजे, अन् पुलगावचं सिम इथं बंद. आपलीच अक्कल.

७ फेब्रु.
बोटीवर नारळपाणी. वहिनी, सगळ्यांदेखत: "ताई, तुम्हाले पाह्यजे का? ताईंचं सगळं आमच्याकडंच आहे." तहान होती. नको म्हटलं.
बाथरूमसाठीही दादाकडून पैसे मागितले. इथं डाँग चालते, साध्या पिशवीचे लाख लाख होतात. हातात लाखाची नोट, तेही मागून घेतलेली.

९ फेब्रु.
बसमधले आता 'कुंकूवाल्या मावशी' म्हणतात. मले. वहिनीही हसते.
दादाले बाजूले घेऊन म्हटलं, कोणी लावलं ते एकदा सांग ना ह्या लोकायले. म्हणे, "जाऊ दे, तिचा हेतू वाईट नव्हता." माह्या हेतूचं काय मग? संताप संताप झाला. जेवली नाई.

१६ फेब्रु. पुलगाव
बँकेतल्या मॅडमनं नोटा उलटसुलट पाह्यल्या, घेतल्या नाईत. नागपूरले विचारून पाहा म्हणे. घरी ओल्या फडक्यानं पुसलं, तं लाल आणखी पसरलं. कपाळावरचं एका दुपारी पुसलं गेलं होतं. हे काही निघत नाई.

२२ फेब्रु.
वहिनीचा फोन. दिवाळीनंतर श्रीलंका, चला म्हणे. "अन् ताई, आता नोटेले काही लावायचं नाई बरं, नुसता नमस्कार. तं पूजा या वेळी तुम्हीच करजा."
म्हणजे कुंकू नसलं की मी चालते.
विचार करून सांगते म्हटलं. जायची इच्छा तं आहे, तेच वाईट वाटते. नोटा देवघरात ठेवल्या आहेत, कुंकवाच्या डबीखाली.