अकरा रविवारच्या नोंदी

स्वोल्वेर, रविवार, ६ एप्रिल

प्रिय सुन्निवा,

तू बरी असशील. इथे मी ठीक आहे. तीन दिवस वारा थांबलेला नाही. छपराची पन्हळ सुटून खिडकीवर आपटत होती, ती शेजाऱ्यानं बांधून दिली. मांडवांवर मासे वाळत घातलेत, सगळ्या गावाला वास येतो आहे. हालवारचे, तुझ्या बाबांचे, गमबूट मी अजून दारातून हलवलेले नाहीत.

हे पत्र आज चौथ्यांदा सुरू करते आहे. मधे उठून दोनदा कॉफी केली, प्यायले मात्र नाही. फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू घाईत असतेस आणि मी भित्री होते.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा किती दिवसांनी तुझा आवाज मोकळा वाटला. "आस्लाउग, अहवाल पुरा झाला! बाबांच्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ आहेत. अकरा रविवार, एकदाही लाल दिवा नाही."

मी म्हणाले, "हो का? छान."

"छान काय! त्यांच्यामुळेच तर सिद्ध झालं सगळं."

मी म्हणाले, चुलीवर काहीतरी आहे. चुलीवर काही नव्हतं.

तू पाठवलेला अहवाल मी तीनदा वाचला. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, पण शब्दकोश घेऊन बसलं की मला बहुतेक सगळं वाचता येतं. बोट ओळखणारं यंत्र दोन तऱ्हांनी चुकतं, असं तू लिहिलं आहेस: खऱ्या माणसाला नाकारतं, किंवा भलत्याला आत घेतं. मग कर्करोगाच्या त्या गोळ्यांबद्दल लिहिलं आहेस. त्यांनी हाताची कातडी सोलवटते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र माणसाला नाकारतं. अशा वेळी बोटाची दुसऱ्यांदा नोंद केली की तुमचं सुधारलेलं यंत्र पुन्हा ओळखू लागतं. पुरावा म्हणून सहा रुग्ण. त्यांतले पाच कधी हिरवे, कधी लाल. एक कायम हिरवा.

आणि शेवटच्या पानावर ती पेटी. दुखण्याच्या औषधांची, रुग्णाच्या घरात ठेवायची, फक्त त्याच्या बोटानं उघडणारी. मंगळवारी, पंधरा तारखेला तू हे रुग्णालयाच्या लोकांसमोर मांडणार आहेस. त्यांनी होकार दिला तर उन्हाळ्याआधी सोळा घरांत पेट्या बसतील.

सुन्निवा, तो कायम हिरवा रुग्ण हालवार नव्हता. मी होते.

आता लिहिलं आहे तर सगळंच लिहिते.

सप्टेंबर, ऑक्टोबर ठीक गेले. दर रविवारी वॅफल खाऊन झाले की तो चाचणीसाठी तू दिलेलं यंत्र टेबलावर घ्यायचा, बोट दाबायचा, हिरवा दिवा लागून टुणकन आवाज व्हायचा. पाच मिनिटांत तुझा निरोप: 'बाबा, नोंद मिळाली. कसे आहात?' त्या एका ओळीला उत्तर द्यायला त्याला तासभर लागायचा. तू भेटायला येत नव्हतीस असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं आहे, पण या पत्रात नाही.

नोव्हेंबरात लाल दिवा लागू लागला. त्याची बोटं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी झाली होती. "चाळीस वर्षं इंजिनाच्या तेलात बुडवली, तेव्हा काही झालं नाही," तो म्हणायचा, "आणि आता चार गोळ्यांनी पुसली!" हसायचा. पण लाल नोंद यंत्रातच साठायची, तिचा निरोप तुझ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तुझाही येत नव्हता.

"मला काढून टाकतील यातून," एकदा म्हणाला.

"कोण काढतंय तुला? तुझी मुलगीच तर चालवते."

"म्हणून तर. तिला उपयोगाची बोटं हवीत."

मी म्हणाले, "मग फोन करून सांग तिला, लाल येतंय म्हणून."

"नको. धावत येईल. काम अर्ध्यावर टाकून येईल, आणि मग ते माझ्यावर."

तुमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की सलग तीनदा लाल आलं तर घरच्या मदतनिसानं आपला आकडा घालून रुग्णाचं बोट पुन्हा नोंदवावं. मदतनीस मीच. एक डिसेंबरला तो खाटेवर, यंत्र माझ्या मांडीवर. त्याचं बोट चार वेळा दाबलं, यंत्र घेईना. त्यानं डोळे मिटले. मी त्याचा हात माझ्या हाताखाली धरला आणि माझं बोट काचेवर ठेवलं. कारखान्यात मासे कापता कापता माझीही बोटं गुळगुळीत झाली होती, पण निवृत्तीनंतर रेषा परत आल्या आहेत. टुणकन आवाज झाला.

"बघ!" तो म्हणाला. "ओळखलं म्हाताऱ्याला."

त्यानंतर दर रविवारी तसंच. त्याला कधी कळलं नाही. निदान तो तसं बोलला नाही.

सोमवार

काल इथे थांबले आणि घरभर फिरत राहिले. वर जे लिहिलं ते सोपं होतं. नवऱ्याच्या सुखासाठी केलं म्हटलं की कुणीही माफ करेल.

नऊ फेब्रुवारीला तो जागा नव्हता. आदल्या संध्याकाळपासून हाकेला ओ देत नव्हता. नर्स येऊन गेली, म्हणाली, मुलीला बोलावून घ्या; तुझं सोमवारचं तिकीट आधीच काढलेलं होतं. त्या खोलीत आवाज ऐकायलाही कुणी नव्हतं, सुन्निवा. तरी मी यंत्र आणलं आणि माझं बोट दाबलं. का, ते मी रोज स्वतःला विचारते. आजवर मिळालेलं उत्तर एवढंच की तुझा निरोप यावा, आणि रविवार नेहमीसारखा व्हावा.

निरोप आला: 'नोंद मिळाली, बोटाचा दाबही छान आहे. सोमवारचं तिकीट गुरुवारवर ढकलते, चालेल ना?'

मी लिहिलं, चालेल.

तो मंगळवारी गेला.

दफनाच्या दिवशी, बाकीचे कॉफी पीत असताना, तू माझ्याशेजारी उभी राहून म्हणालीस, "नोंदींवरून वाटलं नव्हतं हो." मी तुझ्या ताटलीत केक वाढला.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. ते पुढचं पुढे. पण त्या सोळा घरांत कुणीतरी कळवळत पेटीवर बोट दाबेल, लाल दिवा लागेल, आणि शेजारी बसलेल्या बाईचं बोट चालणार नाही. तुझ्या बाबांच्या खऱ्या नोंदी नोव्हेंबरातल्या आहेत, सगळ्या लाल. त्या धर. डिसेंबरपासूनच्या अकरा काढून टाक. पंधराला त्या लोकांना सांग की यंत्र अजून तयार नाही, आणि खोटं कुणी केलं तेही सांग. माझं नाव घे.

माझा शब्द तुला पुरेल असं मी धरत नाही. म्हणून सहीशेजारी उजव्या हाताची तर्जनी शाईत बुडवून उमटवली आहे. ती त्या अकरा नोंदींशी ताडून बघ. जुळेल.

तुझ्या बाबांची बायको,
आस्लाउग