रानचं की गावचं

वुल्वरहॅम्प्टन, इंग्लंड
ता. १४ ऑक्टोबर १९६२

चि. सिंधू हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझे अक्षर मात्र तुझ्या नाकासारखेच अजून बसके आहे. नाकाचे आता काही होणार नाही, अक्षराचे तरी कर.

आता खरी बातमी. मला चांगले बेकन सापडले. हे काय असते हे मेहकरात कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून नीट सांगतो. डुकराच्या पाठीचा नाहीतर पोटाचा पट्टा घ्यायचा, कोरड्या मिठात मुरवायचा, टांगून वाळवायचा आणि मग ओक नावाच्या झाडाच्या भुशाची मंद धुरी द्यायची. वेळ लागतो, म्हणून हल्लीचे लबाड दुकानदार मिठाचे पाणी सुईने टोचून आत भरतात. असले बेकन तव्यावर टाकले की पांढरा फेस सुटतो. ते परतले जात नाही, उकडते. आल्यापासून मी हेच खात होतो आणि कारखान्यातले गोरे अजूनही हेच खातात. त्यांना फरक मी सांगितला तेव्हा ते हसले. हसोत. कापसाच्या जिनातल्या इंजिनाच्या पुस्तकावरून मी इंग्रजी शिकत होतो तेव्हाही मेहकर हसत होते.

मागच्या शनिवारी बाजारामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या खाटकाकडे गेलो. तुकडा बोटाने दाबला, खड्डा पडला नाही. चरबी दुधासारखी पांढरी, कातडीची कड राखलेली. तो मशीनवर पातळ काप काढू लागला, तेव्हा जाडीचा काटा पाचावर ठेव म्हणून मी त्याला थांबवले. त्याने एकदा माझ्याकडे वर पाहिले आणि ठेवला. घरी येऊन कोरड्या तव्यावर टाकले. तेल नाही, पाणी नाही. चरबी आधी काचेसारखी आरपार होते, मग कडा वळतात, आणि असा वास सुटतो की जिन्यावरचे भाडेकरू दारे उघडतात. घरमालकीण डोरीनबाई त्याच चरबीत ब्रेडचा काप तळून देतात. तुझ्या आईला वाटीवाटी तेल ओतून जन्मभर जे साधले नाही, ते हे चार काप साधतात. सोबत कळण्याची भाकर आणि ठेचा असता तर मी देवाकडेसुद्धा काही मागितले नसते.

तुझ्या काकाने, रामरावाने, देऊळगाव राजाचे स्थळ कळवले आहे. येऊन पाहून जाऊ देत. तू तोंड बंद ठेवलेस आणि तुझ्या आईने काही रांधले नाही, तर जमेल.

पुढच्या पत्रात चुका कमी केल्यास लोभ आपोआप वाढेल.

तुझा बाबा
उकंडराव

~

मेहकर
ता. ३ नोव्हेंबर १९६२

ती. स्व. बाबांच्या चरणी सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. तेलाचे वाक्य मी गाळले होते, पण तिने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले आणि म्हणाली की वाच वं बाई, मले त्यात काय नवं हाय.

परवा देऊळगावची मंडळी मला पाहून गेली. रामकाकांची हौस तुम्हाला माहीत आहे. तुमचे निळे हवाईपत्र ते राणीचा शिक्का दिसेल असे खिशातून अर्धे बाहेर काढून फिरतात. आत काय आहे ते त्यांनी वाचले नव्हते. सासरे व्हायचे ते भगवानराव, त्यांनी कौतुकाने पत्र मागितले, चष्मा लावला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायला घेतले. डुक्कर या शब्दाशी ते थांबले. बैठकीतल्या बशाही थांबल्या.

ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की रानचं की गावचं? तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला वेगळे सांगायला नको. शाळू राखणारे रानडुक्कर मारतात तेव्हा भगवानरावांच्या घरीही वाटा जातो आणि ते बोटे चाटून खातात. उकिरड्यावर फिरते त्याचे मात्र नुसते नाव निघाले तरी चूळ भरतात. रामकाका घाबरून म्हणाले की रानचंच असन, तिकडं लय मोठं जंगल हाय. त्यावर भगवानराव म्हणाले की मंग त्याईनं तसं आपल्या हातानं लिहून धाडावं, पोरगी आमाले पसंत हाय. कलाआत्या तेव्हापासून चिडवते की बापानं खाल्लं ते पोरीच्या नाकावर उतरलं.

मुलाचे नाव उत्तमराव. बुलढाण्याला कचेरीत आहेत. मला आजवर ज्यांनी पाहिले त्यांनी चालायला लावले, सुई ओवायला लावली. यांनी मी काय वाचते ते विचारले आणि उत्तर देईपर्यंत थांबले. बाबा, मला हे स्थळ हवे आहे. मुलीने असे लिहू नये हे कळते, तरी लिहिते आहे, यावरून काय ते समजा. तुम्ही फक्त रान हा एक शब्द लिहून पाठवा. मी जन्मभर दुसरे काही मागणार नाही.

या खेपेस चुका न काढता उत्तर द्यावे, ही विनंती.

तुमची लेक
सिंधू

~

वुल्वरहॅम्प्टन
ता. १८ नोव्हेंबर १९६२

चि. सिंधूस आशीर्वाद. वि. वि.

तू मला खोटे लिहायला सांगतेस, आणि तेही अडाणी खोटे. रानडुकराचे बेकन होत नाही. का होत नाही ते समजून घे. रानडुक्कर दिवसरात्र धावते, त्यामुळे त्याच्या पाठीवर चरबी धरत नाही. मांस काळपट आणि दोरखंडासारखे. ते मिठात मुरवले तर त्याची वहाण शिवता येईल. शिवाय या देशात रानडुक्कर उरलेले नाही, यांच्या पूर्वजांनी ते कधीच मारून संपवले. मी रान लिहिले आणि उद्या एखाद्या जाणत्याच्या हाती ते पत्र पडले, तर उकंडरावाला बेकन कळत नाही असे होईल. ते मला चालणार नाही.

म्हणून मी भगवानरावांनाच सविस्तर पत्र घातले आहे. डुक्कर रानचे नाही, गावचे आहे, किंबहुना गावच्याहून जवळचे आहे, अंगणात बांधून पोसलेले आहे, हे स्पष्ट केले. त्याला काय खायला घालतात, कधी कापतात, कुठला भाग उत्तम, सर्व लिहिले. कळावे म्हणून एक आकृतीही काढली. शेवटी विचारले की आपण ज्याचा वाटा आवडीने खाता ते रानडुक्कर आपल्या शाळूत शिरण्याआधी कुणाच्या उकिरड्यावरून येते, याची कधी चौकशी केली आहे काय. माणूस शहाणा असेल तर त्याला पटेल. नसेल तर अशा घरी तू न गेलेलीच बरी. तुझ्यासारखीला दुसरा कुणी पटकन हो म्हणणार नाही हे खरे, पण त्याला माझा इलाज नाही.

रडत बसू नकोस. रडताना तू कशी दिसतेस हे तुला ठाऊक नाही. आम्ही पाहिले आहे.

हे पत्र दोनदा वाच म्हणजे राग जाईल आणि माहिती राहील.

तुझा बाबा
उकंडराव

~

मेहकर
ता. २० डिसेंबर १९६२

ती. स्व. दादांस रामरावाचा नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र आणि आकृती भगवानरावांना पोचली. त्यांनी मला देऊळगावला बोलावून घेतले, चुलीच्या चिमट्याने धरून ते पत्र माझ्या हाती दिले आणि मग हात धुतले. म्हणाले की पोरगी अजूनही मनात हाय, पण असा बाप जिता असण्यापरीस बिनबापाची केव्हाबी बरी. मेल्या माणसाचं खाणं कोणी काढत नाही.

घरी येऊन वहिनीला जसे झाले तसे सांगितले. त्या गहू निवडत होत्या, निवडतच राहिल्या. एक खडा बाजूला टाकून त्यांनी विचारले की भाऊजी, हे ते रागानं बोलले का खरंच? मी म्हटले, खरंच. त्या म्हणाल्या, मंग ठीक हाय.

सिंधूचे आता आम्ही पाहतो. तुम्ही अक्षय तृतीया होईपर्यंत मेहकरला किंवा देऊळगावला कुणाच्याही नावे एक अक्षर पाठवू नये. का ते विचारू नये. तुम्ही मोठे आहात म्हणून विनंती म्हणतो.

थंडीत जपावे, असे लिहिण्याची रीत आहे.

रामराव

~

वुल्वरहॅम्प्टन
ता. २७ जानेवारी १९६३

चि. सिंधूस आशीर्वाद. वि. वि.

तुम्हा कुणाचेच पत्र नाही. रामरावाचे एक आले होते, त्यात चुकांपलीकडे काही नव्हते. कुणी सांगितले म्हणून पत्र बंद करणारा मी माणूस नव्हे.

यंदा इकडे न भूतो अशी थंडी आहे. नळ गोठले, दारापुढचे बर्फ फावड्याने ओढावे लागते, म्हातारी माणसे पटापट जात आहेत. मी ठणठणीत आहे, आणि त्याचे कारण सांगतो. नाताळात आम्ही गावाबाहेर एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. त्याने घरीच मुरवलेली डुकराची आख्खी बाजू धुराड्यात टांगली होती. म्हाताऱ्या खाटकाचे बेकन चांगले होते, पण हे पाहिल्यावर त्याला मी बेकन म्हणत होतो याची लाज वाटली. चरबी बोटभर जाड, मांस जुन्या शिसवीच्या रंगाचे, मीठ खोल गेलेले पण जिभेला न बोचणारे. आम्ही अर्धी बाजू घेतली. आता ती स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेली असते. रोज सकाळी डोरीन चार काप काढते, मी तवा पाहतो. बाहेर पांढरे शुभ्र, आत तो चर्र आवाज. माणसाला याहून अधिक काय लागते ते मला कळत नाही. इतका तृप्त मी त्या घरात कधीच नव्हतो.

भगवानरावांचे काय झाले? पटले नसेल तर सांग, मी पुन्हा लिहीन. काही मुद्दे राहिले आहेत.

उत्तर आले तर लोभ, न आले तरी बेकन आहेच.

तुझा बाबा
उकंडराव

~

बुलढाणा
ता. १२ मे १९६३

कै. बाबांस सौ. सिंधूचा नमस्कार. वि. वि.

ती. स्व. लिहायचे तिथे कै. पडले, ही चूक नाही.

तुम्ही गेल्या पौषात थंडीने वारलात. तार आली असे रामकाकांनी सांगितले आणि ती दाखवा असे कुणी म्हटले नाही. दर्भाचा पुतळा करून पैनगंगेच्या काठी तुम्हाला अग्नी दिला. आईने कुंकू स्वतः पुसले. कलाआत्या तिला धरायला पुढे झाली, तर म्हणाली की सर बाजूले, ओल्या फडक्याचं तं काम हाय.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढले, कावळे झाडावर बसून राहिले. लोक कुजबुजू लागले की वासना अडकली. भगवानराव जातीने आले होते. त्यांनीच सुचवले की त्याईले जे खायले लय आवडे ते पानावर ठेवा. सगळे आईकडे पाहू लागले. ती पदरात तोंड घालून हलत होती. बायका तिला सावरायला धावल्या. मी जवळ होते, बाबा. ती हसत होती. तिला अशी हसताना मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी भगवानरावांनी पुढे होऊन हात जोडले. बाप गेला की पोरीचे लग्न वर्षाच्या आत करावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागते. ते पिंडाला म्हणाले की वर्षाच्या आत तुमच्या पोरीले सून करून नेतो, आता सुटा. कावळा उतरला आणि खाऊन गेला. तेव्हापासून माझे सासरे तुमच्याबद्दल फार आदराने बोलतात.

तुमचे जानेवारीतले पत्र तेरवी झाल्यावर आले. पोस्टमनने ते काकांच्या हाती दिले म्हणून बरे झाले. आईला वाचून दाखवले, या वेळी काही न गाळता. नाताळात आम्ही, हे आले तिथे तिने मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. पूर्वी डोरीनबाई देत असत, आता डोरीन काढते, हेही तिच्या कानाने टिपले. मग म्हणाली की चाल, मंग म्या काही खोटं नाही केलं.

वैशाखात लग्न झाले. काकांनी कन्यादान केले. विधवेने मांडवात येऊ नये म्हणून आई भाताच्या पातेल्यांपाशी बसून मंगलाष्टके ऐकत होती. अक्षता तिने तिथूनच चुलीकडे टाकल्या, असे कलाआत्या सांगते. सोबत पत्रिका पाठवते आहे. कन्येच्या बापाच्या नावामागे छापले आहे ते पाहून घ्या.

आता इकडे येऊ नये. तुम्ही आलात तर मला मेहकरला परत जावे लागेल आणि आईला पुन्हा कुंकू लावावे लागेल. आई म्हणते की पोरगी आली तं सांभाळीन, पण कुंकू काही लावत नाही.

उत्तमराव चांगले आहेत. परवा त्यांनी भिंतीवर लावण्यासाठी तुमचा फोटो मागितला. हारही ते आणून बसले आहेत. आमच्याकडे तुमचा एकही धड फोटो निघाला नाही. तरी काकांच्या पत्त्यावर एक पाठवावा. चेहरा स्पष्ट असावा, पाठीमागे तारीख नको, आणि फोटोत तुम्ही एकटेच असावे.

लोभ होता.

सौ. सिंधू उत्तमराव