आईच्या खोलीचा नकाशा

प्रिय धाकटोबा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. डोकं तापलंय माझं. फोन केला असता तर तू मध्येच तोंड घातलं असतंस, म्हणून पत्र.

कंपन्यांच्या मीटिंगच्या खोल्या आखणं हा तुझा धंदा. कॅमेरा कुठे, स्पीकर कुठे, वायर कुठून न्यायची, यात तुझा हात कोणी धरणार नाही. पण आईची खोली म्हणजे मीटिंगची खोली नव्हे रे! तिकडे बसून नकाशा पाठवलास आणि मी मूर्खासारखी टेप घेऊन भिंती मोजत फिरले. बसल्यावर आईचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर येतात, तेसुद्धा मोजून कळवलं. मग तुझी माणसं आली. स्क्रीन भिंतभर, तू खऱ्याएवढा दिसावास म्हणून. वायरिंगच्या आड येतं म्हणून कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला. आणि खिडकीवर प्लायवूड, का तर मागून उजेड आला की कॅमेऱ्यात चेहरा काळा पडतो. खुर्ची कुठे ठेवायची त्याची जमिनीवर खूण. आई तिथे शिक्षा झाल्यासारखी बसून असते. तुझा कॉल आला तर, म्हणून जेवायलाही लवकर उठत नाही.

आणि एवढं करून मिळवलंस काय? वर्षातून एकदा तोंड दाखवायचास, तेही बंद केलंस. समोरासमोर बोलतोच की आता, असं वर मलाच ऐकवतोस.

खोली बदलल्यापासून ती सारखी धडपडायची. कपाटावर कपाळ आपटलं, दार समजून भिंतीशी गेली. नव्या मांडणीची सवय नाही, असं समजून मी तिच्यावरच खेकसले. त्याची लाज वाटते, तेही लिहून टाकते.

काल तुझा कॉल आला तेव्हा आवाज येत होता, पण स्क्रीन काळीच होती. मी रिमोटशी झटापट करत होते. आणि आई त्या काळ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, की निळा शर्ट शोभतोय तुला, पण वाळलास फार. तू हसलास. मी रिमोट खाली ठेवला. आज सकाळी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो, आणि उजेड यायचा तो त्या खिडकीतूनच. डोळ्यांची उंची आपण सेंटिमीटरमध्ये मोजली, पण दिसतं का गं, हे तूही विचारलं नाहीस आणि मीही नाही. कित्येक महिने तू तिला दिसतच नाहीस. तुला ती नीट दिसावी म्हणून ती तिथे बसते. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय तिने. एवढ्या हौसेने केलंय, त्याला वाईट वाटेल, म्हणाली. मी शपथ मोडलीय. प्लायवूडही उचकटून काढलंय. आता सुट्टी, तिकीट, काम, यातलं एक अक्षर मला सांगू नकोस. तिचा हात तुझ्या चेहऱ्यावरून फिरेल इतक्या जवळ येऊन बस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई